‘हॅचेट’ वाचून दाखवताना: काय गाळायचं, कुठे थांबायचं

पत्र: आमची मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेपाच वर्षांचा. मुलीला तिच्या मामाने गॅरी पॉलसन यांची ‘हॅचेट’ भेट दिली आहे. मी चाळून पाहिली, तर पहिल्याच प्रकरणात वैमानिक मरतो. आमचा मुलगा अंधारात शेजारच्या खोलीतसुद्धा एकटा जात नाही. यांचं म्हणणं, भीतीचे भाग काढून टाक आणि नुसती जंगलातली मजा सांग. मला ते पटत नाही, पण जसंच्या तसं वाचायचं धाडसही होत नाही. पुस्तक इंग्रजीत आहे आणि मुलांना गोष्टी मराठीतून ऐकायची सवय आहे. त्यात मुखपृष्ठ बघून मुलीने खरी कुऱ्हाड मागितली आहे! काय करू? – एक आई

उत्तर: पुस्तक एक असलं तरी मुलं दोन आहेत, म्हणून उत्तरंही दोन. मुलीला पुस्तक जवळजवळ पूर्ण वाचून दाखवा, शेजारी बसून, दिवसाउजेडी. मुलाला पुस्तक इतक्यात नको; त्याला त्यातले मोजके प्रसंग तोंडी सांगा. दोघांना एकत्र बसवायचा मोह टाळा. धाकट्यासाठी गाळत गेलात तर मोठीच्या हाती काही उरणार नाही, आणि मोठीसाठी सगळं वाचलंत तर रात्री धाकटा तुमच्या पांघरुणात असेल.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्रायन रॉबसन हा तेरा वर्षांचा मुलगा. आई-वडिलांचा घटस्फोट झालेला. वडील कॅनडाच्या उत्तरेकडे तेलक्षेत्रात काम करतात, त्यांच्याकडे सुट्टीसाठी तो एका छोट्या विमानातून निघतो. विमानात तो आणि वैमानिक असे दोघेच. वाटेत वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो, विमान अरण्यातल्या एका तळ्यात कोसळतं आणि पुढचे ५४ दिवस ब्रायन तिथे एकटा काढतो. निघताना आईने दिलेली हातकुऱ्हाड तेवढी कमरेच्या पट्ट्याला असते. एकोणीस प्रकरणं आणि एक छोटा उपसंहार. १९८८ साली या कादंबरीला न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान मिळाला आणि तेव्हापासून ती शाळकरी मुलांच्या हातातून सहसा सुटलेली नाही. पण ही मुलं बहुतेक दहा ते तेरा वर्षांची असतात. आठाव्या वर्षी ती एकटीने वाचायची नाही, कुणाच्या तरी सोबतीने ऐकायची.

तुमच्या यजमानांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. दोन-तीन ठिकाणं खरंच गाळावीत. पण ‘जंगलातली मजा’ या पुस्तकात नाहीच. ब्रायनला भूक लागते, डास त्याचा चेहरा सुजवतात, उन्हाने कातडी भाजते, अनोळखी फळं खाऊन तो ओकतो. जे जे त्याला जमतं ते आधी दोन-तीनदा फसल्यावर जमतं, आणि या पुस्तकाची सगळी ताकद त्या फसण्यात आहे. भीती वाटते म्हणून ही फजिती गाळली की उरते ती सहल. तेव्हा एकच कसोटी ठेवा: जे वाचून मुलाला कळतं की ‘हे असं केलं म्हणून बिघडलं, तसं केल्यावर जमलं’, ते कितीही कठीण वाटलं तरी गाळायचं नाही. जे नुसतं डोळ्यांसमोर चित्र उभं करतं आणि ज्यातून पुढे काही निघत नाही, ते गाळलं तरी चालतं.

आता ठिकाणं. पहिली तीन प्रकरणं सर्वांत अवघड आहेत, पण ती गाळता येणार नाहीत. अडचण मजकुरापेक्षा कुठे थांबता याची असते. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी वैमानिक गेलेला आहे आणि विमान हवेत आहे. ‘चला, आता उद्या’ म्हणून तिथे पुस्तक मिटलंत तर मुलीचं डोकं रात्रभर त्या विमानातच राहील. दुसरं प्रकरण संपतं तेव्हाही ब्रायन आकाशातच असतो. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी पाऊण-एक तास हाताशी ठेवा आणि तिन्ही प्रकरणं एका बैठकीत संपवा. तिसऱ्याच्या शेवटी तो काठावर येऊन पडतो आणि त्याची शुद्ध हरपते. तिथेही लगेच उठू नका. पुढच्या प्रकरणात तो शुद्धीवर येतो, अंग ठणकत असतं पण हातपाय हलत असतात, एवढं सांगून ठेवा आणि मग उठा.

मुलगी काळजी करणारी असेल तर त्याच्याही आधी एक गोष्ट करा: शेवट सांगून टाका. ‘तो सापडतो’ एवढंच. यातून गोष्टीची गंमत जात नाही. आठ वर्षांच्या मुलाला ‘वाचेल का’ या प्रश्नापेक्षा ‘कसा वाचला’ हा प्रश्न जास्त आवडतो, आणि हे पुस्तक उभं आहे ते ‘कसा’वरच. (मोठ्यांना मात्र शेवट आधी सांगू नये, ते रुसतात.)

वैमानिकाच्या मृत्यूबद्दल मुलं जे विचारतात ते आपल्याला वाटतं त्याहून वेगळं असतं. ‘माणूस मेल्यावर काय होतं’ हा प्रश्न क्वचित येतो. ‘आता विमान कोण चालवणार’ हा लगेच येतो, आणि पुढच्या प्रवासाआधी तो पुन्हा डोकं वर काढतो. खरं ते सांगा: ब्रायनचं विमान छोटं होतं, चालवणारा एकच होता, आपण ज्या प्रवासी विमानांतून जातो त्यात दोन वैमानिक असतात आणि एकाला बरं वाटेनासं झालं तर दुसरा विमान उतरवतो. आणखी एक बारीक गोष्ट आहे, तिकडे लक्ष असू द्या. झटक्याआधी वैमानिक खांदा चोळतो, त्याचा हात दुखत असतो, पोटात वायू झालेला असतो. मुलं हे पक्कं लक्षात ठेवतात आणि आठवड्याने आजोबांनी खांदा चोळला की पांढरीफटक पडतात. तेव्हा ‘काही नाही गं’ म्हणून उडवून लावू नका. खांदा पुष्कळ कारणांनी दुखतो, मोठ्या माणसांना कधी डॉक्टरांकडे जायचं ते कळतं आणि शंका आलीच तर आपण लगेच फोन करतो, असं सांगा. मग तो फोन कुठला ते तिच्याकडून पाठ करून घ्या. नुसत्या धीराच्या शब्दांपेक्षा हातात काहीतरी करण्यासारखं दिलं की मूल लवकर शांत होतं.

दुसरं ठिकाण म्हणजे ब्रायनचं गुपित. घटस्फोटाआधी त्याने आपल्या आईला एका परक्या माणसाबरोबर गाडीत पाहिलेलं असतं, त्यांचं चुंबन घेणं पाहिलेलं असतं, आणि हे वडिलांना माहीत नसतं. ही आठवण पहिल्या प्रकरणापासून पुन्हा पुन्हा येते. आठ वर्षांच्या मुलीला त्यातलं फारसं काही कळणार नाही. ‘त्याने असं काही पाहिलं जे त्याला कुणाला सांगता येईना’ एवढ्यावर भागतं आणि तेवढं ठेवाच, कारण त्याचा एकटेपणा विमान पडण्याच्या आधीपासूनचा आहे हे त्यातून कळतं. घरात सध्या धुसफूस चालू असेल किंवा जवळच्या नात्यात कुणी वेगळं झालं असेल, तर मात्र पुस्तक वर्षभर बाजूला ठेवा. अशा घरातली मुलं गोष्टीतल्या अस्वलाला घाबरत नाहीत, ती या गुपिताशी अडखळतात.

तिसरं ठिकाण बाराव्या आणि तेराव्या प्रकरणांच्या सांध्यावर आहे आणि तिथे नीट तयारी लागते. एक शोधविमान डोक्यावरून येतं, ब्रायन धावत धावत आग मोठी करतो, आणि विमान वळून निघून जातं. तेराव्या प्रकरणात गोष्ट बरेच दिवस पुढे उडी मारते आणि मागे वळून सांगते की त्या निराशेच्या रात्री त्याने कुऱ्हाडीने स्वतःला इजा करून जीव द्यायचा प्रयत्न केला होता. हे अगदी थोड्या वाक्यांत येतं आणि चाळताना सहज नजरेतून निसटतं. कितीतरी पालकांना ते मोठ्याने वाचता वाचताच भेटतं आणि आवाज अडखळतो. मुलांना बाकी काही कळलं नाही तरी अडखळलेला आवाज बरोब्बर कळतो. म्हणून तिथे आधीच पेन्सिलने खूण करून ठेवा. आठ वर्षांच्या मुलीसाठी ती वाक्यं गाळा, पण निराशा गाळू नका. ‘त्या रात्री त्याला वाटलं की आता काहीच उरलं नाही. तो खूप रडला. सकाळ झाली आणि त्याने पुन्हा कामाला सुरुवात केली’ असं म्हणा. पुढचा मजकूर त्याला बरोबर जुळतो. दहा-अकराच्या पुढच्या मुलाला मात्र ते वाचू द्या, आणि वाचून झाल्यावर सरळ विचारा: इतकं वाईट वाटलं तर तू कुणाला सांगशील? उत्तर एका नावाचं यायला हवं. नाव आलं नाही तर विषय तिथे सोडून देऊ नका.

चौथं अठराव्या प्रकरणात. वादळाने बुडालेल्या विमानाची शेपटी वर आलेली असते, ब्रायन तराफ्यावरून तिथवर जातो आणि आत शिरल्यावर त्याला पाण्याखाली वैमानिकाचं प्रेत दिसतं. माशांनी काय केलं आहे त्याचं वर्णन आहे. ते सरळ गाळा. ‘जे पाहायला नको होतं ते त्याला दिसलं’ एवढं पुरे. पण त्याच प्रकरणात त्याच्या हातून कुऱ्हाड निसटून तळ्यात पडते आणि ती काढायला तो बुड्या मारतो, ते अजिबात गाळू नका. मुलं तिथे श्वास रोखून ऐकतात.

बाकी साळिंदराचे काटे, मूस या धिप्पाड हरणाची धडक, चक्रीवादळ, अस्वल यांतलं काहीही गाळायची गरज नाही. वाचताना थोडं भरभर पुढे गेलं की झालं.

वेळेचा हिशोब असा धरा: सगळं पुस्तक मोठ्याने वाचायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे प्रकरणामागे पंधरा मिनिटं, आणि मुलीच्या प्रश्नांची तेवढीच आणखी. रोज एक प्रकरण असं धरलं तर तीन आठवड्यांत आरामात होतं. झोपायच्या आधी वाचायचंच असेल तर नववं आणि दहावं प्रकरण चालतं, पंधरावं तर छानच. पहिली तीन, आठवं, बारावं आणि सोळावं ही संध्याकाळी सहाच्या आत.

इंग्रजीचं म्हणाल, तर आठ वर्षांच्या मुलीला आयत्या वेळी भाषांतर करत करत वाचून दाखवू नका. वाक्य वाचायचं, थांबायचं, मराठीत सांगायचं, पुन्हा वाचायचं, यात गोष्ट मरते. त्यापेक्षा आदल्या दिवशी स्वतः प्रकरण वाचा, एका चिठ्ठीवर सात-आठ शब्दांत क्रम लिहा (‘जाग – डास – तहान – तळं – पाणी पितो – ओकतो’) आणि पुस्तक मांडीवर उघडं ठेवून मराठीत सांगा. पॉलसन यांची लिहिण्याची एक लकब आहे: तुटक वाक्यं आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा. ती सांगण्यात उतरवा. ‘भूक. नुसती भूक. उठला तरी भूक, बसला तरी भूक.’ तोंडी गोष्टीला हे फार मानवतं. दोन-तीन प्रकरणांनंतर मुलगी स्वतःच पानात डोकावून इंग्रजी शब्द शोधू लागली तर तिला शोधू द्या, वाचून दाखव म्हणून मागे लागू नका.

नववं प्रकरण आगीचं. तिथे घाई करायची नाही. आदल्या रात्री अंधारात साळिंदराच्या दिशेने फेकलेली कुऱ्हाड गुहेच्या खडकावर आपटून ठिणग्या उडालेल्या असतात. सकाळी ब्रायनच्या डोक्यात प्रकाश पडतो आणि तो खडकावर कुऱ्हाड मारत सुटतो. ठिणग्या भरपूर पडतात, वाळल्या गवतावर पडून विझतात. काटक्यांवर विझतात. पाकिटातली वीस डॉलरची नोट तो बारीक फाडतो, तीही पेटत नाही. मग भूर्ज झाडाची साल, तिचे केसासारखे बारीक धागे काढून केलेलं घरटं. त्यावर ठिणगी टिकते, लाल होते आणि तरीही विझते. शेवटी त्याला आठवतं की आगीला हवा लागते, आणि तो हळू फुंकर घालतो. वाचताना प्रत्येक अपयशानंतर थांबा आणि मुलीला विचारा, ‘आता काय कमी पडलं असेल?’ उत्तर लगेच सांगू नका. यामागचं खरं कारणही सांगण्यासारखं आहे: ठिणगी दगडाची नसते. कठीण दगड पोलादाचा अगदी बारीक कण खरवडून काढतो आणि तो कण हवेत जळतो. कण इतका लहान असतो की काडी तापवण्याइतकी उष्णता त्याच्यात नसते. धाग्याएवढं बारीक काही असेल तरच ते पेटतं. नोट का पेटली नाही हे यावरून मुलगी स्वतःच सांगेल. नोटेचे तुकडे कितीही बारीक केले तरी ठिणगीच्या मानाने जाडच.

दुसरी अशी जागा मासे मारण्याची. भाल्याने जमत नाही, म्हणून तो धनुष्यबाण करतो, आणि तरीही नेम चुकत राहतो. कारण पाण्यात प्रकाश वाकतो आणि मासा जिथे दिसतो त्याच्या थोडा खाली असतो. हे घरी पाच मिनिटांत दाखवता येतं. आतलं दिसणार नाही असं खोलगट भांडं घ्या, तळाशी मधोमध नाणं ठेवा आणि नाणं हलणार नाही इतपत चिकटवा. मुलीला मागे मागे सरकायला सांगा. भांड्याच्या काठामागे नाणं जेमतेम दिसेनासं झालं की तिला तिथेच थांबवा आणि डोकं हलवू देऊ नका. आता भांड्यात हळूहळू पाणी ओता. नाणं ‘वर’ येतं. ते दिसलं नाही तर बहुतेक वेळा तिचं डोकं हललेलं असतं, किंवा पाणी जोरात ओतल्याने नाणं कडेला सरकलेलं असतं. मग एका टबात पाणी भरून तळाशी बाटलीचं झाकण ठेवा आणि वरून तिरक्या रेषेत लांब काडीने एका फटक्यात टोचायला सांगा. काडी आधी पाण्यात बुडवून ठेवायची नाही, नाहीतर ती वाकलेली दिसते आणि हात आपोआप नेम सुधारतो. पहिले दोन-चार नेम झाकणाच्या पलीकडे जातील. ‘खाली मार’ हे तुम्ही सांगू नका; ब्रायनलाही कुणी सांगितलं नव्हतं.

याच्याही आधी, पाचव्या प्रकरणात, तो आपल्याजवळ काय काय आहे ते काढून मांडतो: थोडी नाणी, नखं कापायचं यंत्र, पाकीट, ती नोट, बंद पडलेलं घड्याळ, अंगावरचे कपडे, बूट, कुऱ्हाड. प्रकरण वाचून झालं की मुलीला तिचे खिसे आणि दप्तर रिकामं करायला लावा. प्रत्येक वस्तूचे तिच्या नेहमीच्या कामाखेरीज दोन उपयोग काढायचे. बुटाची नाडी, कंपासपेटीतला आरसा, डब्याचं चकचकीत झाकण यांना एकदम भाव येतो.

आता धाकट्याला काय सांगायचं. त्याला मुलगा जंगलात कसा आला हे एका वाक्यात द्या: ‘त्याचं विमान तळ्यात उतरलं, तो पोहून बाहेर आला, आणि त्याला न्यायला माणसं येईपर्यंत तो तिथे राहिला.’ यात खोटं काही नाही. मग स्कंकचा प्रसंग सांगा. मांजराएवढा काळा-पांढरा प्राणी, शेपटी वर करून घाण वासाचा फवारा मारतो. तो ब्रायनने पुरून ठेवलेली कासवाची अंडी उकरून खातो आणि वर त्याच्या तोंडावर फवाराही मारतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला याहून विनोदी काही सुचणार नाही. आगीचा प्रसंग चालतो. झुडपात पायाशी बसून राहणारे आणि एकदम फडफडत उडून दचकवणारे रानपक्षी, ते कसे शोधायचे हे ब्रायनला कसं कळतं (रंग बघायचा नाही, आकार बघायचा), हेही त्याला आवडेल. शेवटचा प्रसंगही द्या: अचानक विमान तळ्यावर उतरतं आणि ब्रायन आलेल्या माणसाला आधी काय विचारतो, तर काही खाणार का!

धाकटा हमखास विचारेल, ‘त्याची आई कुठे होती?’ उत्तर लांबवू नका. आई घरी होती, रोज त्याची वाट बघत होती, आणि त्याला शोधायला माणसं पाठवली होती.

अनुकरणाचं बघायला हवंच. पुस्तक प्रामाणिक आहे, पण ब्रायन जे जे करतो ते सगळं करण्यासारखं नाही. पक्षी खाताना दिसले म्हणून तो लाल फळं पोटभर खातो आणि रात्रभर तळमळतो. पक्षी खातात ते माणसाला चालतंच असं नाही; उपसंहारात कळतं की ती चोकचेरी होती, आणि तिच्या बियांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. घरातला नियम सरळ असू द्या: ओळखीच्या मोठ्या माणसाने हातात दिल्याशिवाय झाडावरचं काही तोंडात जाणार नाही. तळ्याचं पाणी तो तसंच पितो. खऱ्या रानात ते खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळायचं, दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. कासवाची कच्ची अंडी हा त्याचा नाइलाज होता. ठिणग्यांचा प्रयोग मुलीच्या हातात नाही, आणि अकरावं वर्ष लागेपर्यंत कुऱ्हाडही नाही. कारण तिला सांगता येईल असं आहे: हातकुऱ्हाड चुकली की ती लाकडावरून घसरून खाली येते, आणि खाली असतो तो आपला गुडघा नाहीतर नडगी. ती पेलायला मनगटात जोर लागतो, तो आठाव्या वर्षी नसतो.

कुऱ्हाडीऐवजी तिला शिट्टी द्या, दोरीत ओवलेली. हरवल्यावर तीन वेळा वाजवायची, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा तीन. ओरडून घसा बसतो. शिट्टी कमी दमात लांब ऐकू जाते. १९८१ साली कॅलिफोर्नियात एक लहान मुलगा डोंगरात हरवून दगावला, त्यानंतर तिथल्या शोधपथकातल्या लोकांनी मुलांसाठी ‘झाडाला मिठी मार’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याचं सूत्र एवढंच की हरवलोय हे कळताक्षणी एका झाडाजवळ थांबायचं आणि तिथून हलायचं नाही. बरोबर शिट्टी आणि एक मोठी प्लास्टिकची पिशवी. पिशवीला चेहऱ्यापुरतं भोक मोठ्यांनी आधीच कापून ठेवायचं, म्हणजे ती अंगावर घातली की वारा-पाऊस अडतो आणि श्वासही कोंडत नाही. ब्रायन पूर्ण काळ तळ्याजवळ राहतो ही त्याने केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे, ते मुलीला दाखवून द्या.

झोपडी बांधायची हौस मात्र पुरवा. मोकळ्या जागेत, मुलीच्या उंचीपेक्षा हातभर लांब अशी सरळ काठी, एक टोक तिच्या कमरेएवढ्या उंचीवर दोन फांद्यांच्या बेचक्यात, दुसरं जमिनीवर. दोन्ही बाजूंनी बारीक काटक्या तिरक्या लावायच्या आणि वर वाळला पाला. मुलं नेहमी एकच चूक करतात: घर उंच आणि ऐसपैस बांधतात. मग ते ढासळतं, आणि टिकलंच तर आत गारठा तसाच राहतो, कारण एवढी हवा अंगाच्या उबेने तापत नाही. आत जेमतेम मावता येईल एवढंच हवं. पाल्याचा थर निदान तिच्या हाताएवढा जाड. मधली काठी तुम्ही स्वतः दाबून पाहा. जड ओंडका मध्ये वापरायचा नाही आणि कुणी आत असताना वर चढायचं नाही.

उपसंहार वगळू नका, बरेच जण तो वगळतात. ब्रायनने ज्यांना मनाने नावं ठेवली होती त्या पक्ष्यांची, माशांची, फळांची खरी नावं तिथे कळतात, आणि मुलांना ती जुळवायला आवडतात. आई-वडील पुन्हा एकत्र येत नाहीत आणि ते गुपितही ब्रायन वडिलांना सांगत नाही, हेही तिथेच आहे. मुलगी विचारेल, ‘का नाही सांगितलं?’ तिला तुमचं उत्तर देऊ नका, तिचं ऐका.

पुस्तक संपल्यावर ती दुसरं मागणार. ‘ब्रायन्स विंटर’ (१९९६) यात तो सापडलाच नसता तर हिवाळा कसा काढला असता हे आहे. शिकार आणि रक्त जास्त, म्हणून आणखी दोन वर्षांनी. ‘माय साइड ऑफ द माउंटन’ (१९५९) आत्ता चालेल: त्यातला मुलगा अमेरिकेतल्या कॅट्सकिल डोंगरात पोखरलेल्या झाडात राहतो, ससाणा पाळतो, आणि त्यात वैमानिकासारखा मृत्यू नाही. पण तो घरातून स्वतःहून निघून गेलेला असतो, तेव्हा त्यावर आधी बोलून घ्या. ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ (१९६०) पुष्कळ जण सुचवतील, कारण त्यात मुलगी नायिका आहे. सुरुवातीलाच तिचा सहा वर्षांचा भाऊ रानकुत्र्यांकडून मारला जातो. तुमचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, म्हणून तुमच्या घरात ते पुस्तक सध्या वरच्या फळीवर राहू द्या.